स्वतःचा ट्रक स्वतःच चालवायचाय? लायसन्स, परमिट आणि कागदपत्रांची माहिती

ट्रक घ्यायचं ठरलं की घरात आधी डाउन पेमेंटचा हिशेब सुरू होतो. त्याआधी दोन गोष्टी नक्की करा: गाडीचं मालासकट एकूण वजन किती, आणि ती महाराष्ट्राबाहेर जाणार का? लायसन्सपासून आयकरापर्यंत बरंचसं यावरच ठरतं.

व्यावसायिक लायसन्ससाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' या सरकारी पोर्टलवर करायचा. सोबत डॉक्टरांनी भरलेला नमुना १-अ (वैद्यकीय प्रमाणपत्र) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५ (प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र) जोडायचा. शिक्षणाची अट २०१९ च्या दुरुस्तीत गेली. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर ओढायचे असतील तर मात्र जड वाहनाचंच लायसन्स लागेल.

नोंदणी तुमच्या पत्त्यावरून होते. ऐरोली-नेरुळकरांना वाशी आरटीओ (एमएच ४३), खारघर-कळंबोलीकरांना पनवेल (एमएच ४६) आणि ठाणे शहरासाठी एमएच ०४. नमुना २० (नोंदणीचा अर्ज), २१ (विक्रीचं प्रमाणपत्र) आणि २२ (गाडी नियमांप्रमाणे असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र), विमा, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३४ (आरसीवर कर्जाचा बोजा चढवण्याचा अर्ज) लागतो. विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे ना, ते पाहूनच सही करा. स्टिअरिंगवर तुम्हीच बसणार आहात. नव्या गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र (म्हणजे पासिंग) दोन वर्षं चालतं. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग.

आता परमिट, म्हणजे भाड्याने माल वाहण्याचा परवाना. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर ते लागतच नाही. त्यावरच्या गाडीला हवं, आणि ते पाच वर्षांसाठी मिळतं. शोरूमवाले सरसकट नॅशनल परमिट सुचवतात, पण तुमचं भाडं न्हावा शेवा ते भिवंडी किंवा तुर्भे ते तळोजा एवढंच असेल तर राज्याचं परमिट पुरे. गुजरातमधलं वापी-सुरत धरायचं असेल तेव्हा नॅशनल घ्या. त्याचं वर्षाचं शुल्क १६,५०० रुपये आहे आणि अधिकारपत्र दरवर्षी काढावं लागतं. साध्या ट्रकला १२ वर्षांनंतर आणि मल्टी-अॅक्सलला (दोनपेक्षा जास्त आसांच्या ट्रकला) १५ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, म्हणून जुनी गाडी घेताना आरसीवरचं (नोंदणी प्रमाणपत्रावरचं) वर्ष आधी बघा. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो. परमिटशिवाय पकडल्यास कायद्यात १०,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

आयकराचं गणित बरेच जण चुकवतात. दहापर्यंत गाड्या असलेल्यांना अंदाजित उत्पन्न दाखवता येतं: १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिना १,००० रुपये, बाकीच्या गाडीला महिना ७,५००. म्हणजे १८.५ टनांचा ट्रक असेल तर महिना १८,५०० रुपये उत्पन्न धरलं जातं, गाडी उभी असली तरी! हप्त्याचं व्याज त्यातून वेगळं वजा होत नाही. भाडं देणाऱ्या ट्रान्सपोर्टरकडे दहापर्यंतच गाड्या असल्याचं घोषणापत्र पॅनसह द्या, टीडीएस (भाड्यातून आधीच कापून घेतला जाणारा कर) कापला जाणार नाही. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

जुना ट्रक घेत असाल तर नमुना २९ आणि ३० वर आरसी नावावर होते. परमिट मात्र आपोआप येत नाही, त्याच्या हस्तांतरणाचा अर्ज वेगळा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं असलं तरी नमुना ३५ देऊन बोजा उतरवलाय का ते तपासा, आणि थकलेली ई-चलानं त्यालाच भरायला लावा, पैसे हातात देण्यापूर्वी.