वाचता यायला लागलं की चित्रं बंद?

‘आता दुसरीत गेलास, चित्रांची पुस्तकं पुरे’ हे घरोघरी ऐकू येतं. चित्रं बघून मूल वाचायचा आळस करतं, हा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे.

भोपळ्यातली म्हातारी घ्या. वाघ अडवतो, आतून उत्तर येतं, ‘म्हातारी कोतारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!’ चित्रकाराने भोपळ्याच्या फटीतून म्हातारीचा एक डोळा दाखवला, की शब्द थाप मारतात आणि चित्र खरं सांगतं. ही गंमत पकडायची तर मुलाला दोन्ही वाचावं लागतं. त्याला आळस कसा म्हणायचा?

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर (२०१५पासून, फुकट) गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. चौथी सराईत वाचणाऱ्यांसाठी, तरी चित्रं तिथेही आहेतच.

निवडताना मी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं चाळते. वाक्यात ‘लाल चेंडू’ आणि चित्रातही तेवढाच लाल चेंडू असेल, तर पुस्तक परत फळीवर.