रिंकवरून परीक्षकांच्या टेबलाकडे : फिगर स्केटिंगची पार्श्वभूमी

बेळगावात स्केटिंग म्हटले की चाकांचेच स्केटिंग डोळ्यांसमोर येते. बर्फाच्या रिंक इथून फार दूर, सिमला, गुलमर्ग किंवा डेहराडूनला आहेत. तरीही खानापूर, निपाणीकडून मुलांना स्केटिंगच्या सरावाला घेऊन येणाऱ्या पालकांना पडणारा प्रश्न बर्फावरच्या फिगर स्केटिंगलाही, म्हणजे उड्या आणि गिरक्यांच्या खेळालाही, तितकाच लागू आहे : गुण कोण देतो आणि कशावरून? या प्रश्नाचे उत्तर स्पर्धेतून परीक्षकपदाकडे गेलेल्या खेळाडूंच्या इतिहासात सापडते.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना, म्हणजे आयएसयू, 1892 मध्ये स्थापन झाली आणि 1896 मध्ये सेंट पीटर्सबर्गला फिगर स्केटिंगची पहिली जागतिक स्पर्धा भरली. स्वीडनच्या उलरिक साल्को यांनी 1901 ते 1911 या काळात दहा वेळा जागतिक विजेतेपद मिळवले, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि पुढे 1925 ते 1937 अशी बारा वर्षे आयएसयूचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्या नावाची उडी आजही प्रत्येक स्पर्धेत मारली जाते. मिलानच्या सोनिया बियांकेत्ती यांचा प्रवासही असाच झाला. त्या स्केटर होत्या, मग परीक्षक झाल्या आणि 1967 मध्ये आयएसयूच्या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या.

माजी खेळाडूच परीक्षक का, हे जुन्या ‘फिगर्स’ पाहिल्या की पटते. स्पर्धक बर्फावर ठरलेली आकृती पुन्हा पुन्हा गिरवत असे आणि तो बाजूला झाला की परीक्षक बर्फावर उतरून, वाकून, उमटलेल्या रेषा तपासत. ब्लेडला आतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. वळणावर कोणती कड टेकली, हे त्या बारीक रेषेवरून ओळखायला स्वतः कित्येक वर्षे बर्फावर घालवलेली असावी लागत. 1968 पर्यंत एकूण गुणांपैकी 60 टक्के याच भागाला होते. 1990 नंतर तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आला. प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटणारा हा भाग गेला, पण परीक्षकाची नजर घडवणारी एक शाळाही त्याबरोबर बंद झाली, असे मला वाटते.

मात्र जाणकार नजर निःपक्षपाती असतेच असे नाही. परीक्षकांची नावे त्या त्या देशाची संघटना सुचवत असल्याने राष्ट्रनिष्ठेचा दबाव कायम राहिला. 1977-78 च्या हंगामात सर्व सोव्हिएत परीक्षकांवर बंदी घालावी लागली. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेनंतर फ्रान्सच्या परीक्षकाने आपल्यावर दबाव असल्याचे सांगितले, नंतर ते नाकारले. अखेर रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले आणि 6.0 हा सर्वोच्च गुण असलेली जुनी पद्धत मोडीत निघाली.

2004 पासूनच्या पद्धतीत काम विभागले गेले आहे. उडी कोणती होती, किती फिरली, कड चुकली का, हे तांत्रिक पॅनेल व्हिडिओ पुन्हा पाहून ठरवते. लुट्झ उडी बाहेरच्या कडेऐवजी आतल्या कडेवरून घेतली तर ती तिथेच पकडली जाते. परीक्षक त्या उडीचा दर्जा आता उणे 5 ते अधिक 5 असा ठरवतात. नऊ परीक्षकांपैकी सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुण वगळून बाकीच्यांची सरासरी काढतात. तांत्रिक पॅनेलवर अलीकडेच स्पर्धा सोडलेले खेळाडू मोठ्या संख्येने दिसतात.

आपल्याकडे कॉलेज सुरू झाले की बहुतेक मुले स्केट्स काढून ठेवतात. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगला, म्हणजे चाकांवरच्या फिगर स्केटिंगला, परीक्षक हवे असतील, तर त्यांना हाक मारण्याची वेळ नेमकी तीच आहे.