घरगुती वातानुकूलन : प्रचलित गैरसमज

घरातील हवेचे तापमान, आर्द्रता आणि स्वच्छता राहणाऱ्यांना मानवेल अशा मर्यादेत राखण्याच्या क्रियेस घरगुती वातानुकूलन म्हणतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला बोलीत सर्रास ‘एसी’ म्हटले जाते. या यंत्राविषयीचे बरेचसे गैरसमज शब्दांतून उपजलेले आहेत. ‘टन’, ‘गॅस’, ‘इन्व्हर्टर’ हे शब्द व्यवहारात आधीच दुसऱ्या अर्थाने रुळलेले होते आणि यंत्राबरोबर ते घरात आले तेव्हा त्यांचा जुना अर्थही सोबत आला. प्रस्तुत नोंद कोल्हापूर शहर व परिसरातील वापर समोर ठेवून केली आहे.

यंत्र ‘थंडी तयार करते’ ही समजूत सर्वांत मूलभूत म्हणावी लागेल. प्रत्यक्षात ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. पंचगंगेच्या काठावरील उपसा योजनेचा पंप पाणी निर्माण करत नाही, नदीतले पाणी वरच्या उसापर्यंत चढवतो. त्याचप्रमाणे संपीडक (काँप्रेसर) कमी तापमानाच्या जागेतील उष्णता अधिक तापमानाच्या जागी चढवतो. म्हणूनच दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालताना साधारण दीड किलोवॉट वीज घेऊन सुमारे ५.३ किलोवॉट दराने उष्णता बाहेर काढू शकते.

वातानुकूलनाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्लोरिडातील ॲपालाचिकोला येथील डॉक्टर जॉन गोरी यांनी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार ठेवण्याच्या खटपटीतून बर्फ करण्याचे यंत्र सिद्ध केले व १८५१ मध्ये त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. हवा गार करणे हेच वातानुकूलनाचे सार मानणारे अभ्यासक त्यांना अग्रमान देतात. दुसऱ्या मतानुसार हा मान विलिस कॅरियर यांचा आहे. ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे व आकसे आणि रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. त्यावर उपाय म्हणून कॅरियर यांनी १९०२ मध्ये आर्द्रता नियंत्रित करणारी योजना आखली. ज्या ‘एअर कंडिशनिंग’ या इंग्रजी संज्ञेवरून मराठीत ‘वातानुकूलन’ आले ती संज्ञा स्टुअर्ट क्रेमर या वस्त्रोद्योगातील अभियंत्याने १९०६ मध्ये रूढ केली आणि त्याचा रोख तर गिरणीतील हवेत ओलावा वाढवण्याकडे होता. ‘अनुकूलन’ या शब्दात तापमानाइतकेच आर्द्रतेचे नियमन अभिप्रेत असल्याने कॅरियर यांच्याकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘टन’ या एककाचा उगमही बर्फाच्या व्यापारात आहे. अमेरिकेत नैसर्गिक बर्फाची जागा यांत्रिक प्रशीतन घेऊ लागले तेव्हा नव्या यंत्राची ताकद, ते किती बर्फाचे काम करते, यावरून मोजली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत ही व्याख्या स्थिरावली असावी. २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा अमेरिकन टनभर बर्फ २४ तासांत वितळताना ज्या दराने उष्णता शोषतो तो दर म्हणजे एक टन. एक पौंड बर्फ वितळण्यास १४४ ब्रिटिश औष्णिक एकके लागतात; त्यावरून ताशी १२,००० एकके, अर्थात सुमारे ३.५२ किलोवॉट हा आकडा येतो. १,००० किलोग्रॅमचा मेट्रिक टन धरल्यास तो सुमारे ३.८६ किलोवॉट होतो. भारतातील घरगुती यंत्रांवर मात्र पहिलाच अर्थ लागू आहे. यंत्राच्या वजनाशी किंवा त्यात भरलेल्या वायूशी या टनाचा काही संबंध नाही.

टनाचा अर्थ न समजल्याने ‘मोठे ते चांगले’ ही दुसरी चूक घडते. केवळ खोलीचे क्षेत्रफळ पाहून टन ठरवण्याचा प्रघात आहे. पण वरच्या मजल्यावरील तापलेला स्लॅब, पश्चिमेची खिडकी आणि खोलीतील माणसांची संख्या यांनी भार बराच बदलतो. राजारामपुरीतील नव्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरची खोली आणि शिवाजी पेठेतील जाड भिंतींच्या जुन्या वाड्यातील तेवढीच खोली यांना एकच माप लावता येत नाही. गरजेपेक्षा मोठे, एकाच वेगाने चालणारे यंत्र हवा झटकन गार करून बंद पडते आणि हवेतील ओलावा काढण्यास त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते.

कोल्हापुरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या या शहरात एप्रिलची दुपार कोरडी व तापदायक असते, परंतु संध्याकाळी पश्चिमेचा वारा आणि अधूनमधून येणारा वळीव दिलासा देतात. जून ते सप्टेंबर या काळात तापमान उतरते, ओलावा मात्र टिकून राहतो. अशा दिवसांत यंत्र १८ अंशांवर लावून कुडकुडण्यापेक्षा ओलावा काढण्यावर भर देणाऱ्या ‘ड्राय’ पद्धतीने चालवणे उचित ठरते. पाण्यावर चालणारा कूलर एप्रिलमध्ये उघड्या खिडकीपाशी उपयोगी असतो. बंद खोलीत एसीच्या जोडीने लावल्यास तो ओलावा वाढवतो व एसीला तोच ओलावा पुन्हा काढावा लागतो. छताचा पंखा मंद गतीने लावण्यास असा अडसर नाही. उलट त्यामुळे यंत्र एकदोन अंश वर ठेवता येते.

रिमोटवर १६ लावले की खोली लवकर गार होते, हा समज सार्वत्रिक आहे. एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रात तो आकडा केवळ थांबण्याची खूण असतो. २४ लावले तरी तेथवर पोहोचेपर्यंत संपीडक तितक्याच जोराने चालतो. तापलेल्या खोलीत, संपीडकाचा वेग कमीजास्त करणारे इन्व्हर्टर यंत्रही आरंभी जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे २४ अंश या मूळ निवडीसह देणे भारतात बंधनकारक झाले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एक अंश वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. तारे गारव्याचे माप नव्हेत, ते कार्यक्षमतेचे आहेत. शिवाय त्यांचे निकष २०१८ व २०२२ मध्ये कडक झाल्याने जुने पाच तारे आणि नवे पाच तारे समान धरता येत नाहीत.

‘इन्व्हर्टर एसी’ वीज गेल्यावर घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालतो, ही समजूत भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेल्या त्या उपकरणामुळे दृढ झाली असावी. येथे इन्व्हर्टर म्हणजे मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिचा वेग कमीजास्त करणारे परिपथ. बॅटरीशी त्याचा संबंध नाही.

‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’ हा सर्वांत खर्चिक गैरसमज होय. प्रशीतक वायू बंद नळ्यांत फिरतो आणि पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बंद न करता वर वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. गारवा कमी होण्याचे कारण पुष्कळदा धुळीने भरलेली जाळी किंवा बाहेरच्या भागाचे मळलेले कॉइल एवढेच असते. गळतीने पर्यावरणाचीही हानी होते. शंभर वर्षांच्या काळात आर-२२ या प्रशीतकाची तापवृद्धिक्षमता (वातावरण तापवण्याची क्षमता) कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८१० पट, तर सध्या बहुधा वापरल्या जाणाऱ्या आर-३२ ची सुमारे ६७५ पट मानली जाते. आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने त्याचे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे.

स्प्लिट यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणते, हेही खरे नाही. ते खोलीतीलच हवा फिरवते, म्हणून दार-खिडकी अधूनमधून उघडणे आवश्यक असते. सर्दी विषाणूंमुळे होते, यंत्रामुळे नव्हे. कोरड्या हवेने घसा मात्र खवखवू शकतो.

नळीतून ठिबकणारे पाणी वायूचे नसून खोलीतील हवेच्या बाष्पाचे असते, म्हणूनच ते पावसाळ्यात अधिक येते. हे पाणी शुद्ध समजून काही घरांत ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरले जाते. कॉइलवरून वाहताना त्यात धूळ व धातूंचे अंश मिसळत असल्याने ते बॅटरीस योग्य नाही. फरशी पुसण्यास ते चालते.