समुपदेशक नेमा, पण पगार कुठून?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. तपास सीबीआयकडे देतानाच न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी शाळा, महाविद्यालयं, कोचिंग क्लासेस, वसतिगृहं अशा सगळ्यांना एकाच नियमावलीत आणलं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील, तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचं शिक्षण घेतलेली व्यक्ती हवी. पट त्याहून कमी असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावलेली हवी. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक. या माणसाचा पगार कोणी द्यायचा, हे मात्र त्यात नाही. गेली सत्तर वर्षं घोडं नेमकं तिथेच अडलं आहे.

महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेत पगाराचा उगम म्हणजे संचमान्यता. पटावरची मुलं मोजायची, त्यावरून मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिक्षक, लिपिक अशी पदं मंजूर व्हायची आणि मंजूर पदांचीच बिलं ‘शालार्थ’ या ऑनलाइन वेतनप्रणालीतून निघायची. समुपदेशकाचा रकाना त्या तक्त्यात नाही. असलेली पदं टिकवतानाच संस्थांच्या नाकी नऊ येतात. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने तर नव्या शिपायाच्या जागी ‘शिपाई भत्ता’ आला. ज्या तक्त्यातून शिपाई बाहेर पडला, त्यात समुपदेशक शिरेल अशी आशा मुख्याध्यापकांच्या बैठकीत कोणी बोलून दाखवत असेल असं वाटत नाही.

या कामाची सुरुवात मुंबईतून झाली आणि तीही देणगीच्या पैशातून. अमेरिकेतून आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्यात वस्तीचं काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या पैशाने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उघडलं. आजची ‘टिस’, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, ती हीच. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, डॉ. के. आर. मसानी यांनी तिथे बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केलं. ते देशातलं पहिलं मानलं जातं. मुलाचं वागणं बिघडलं तर त्याला मारून सरळ करण्याऐवजी घर, शाळा आणि मन असं तिन्ही बाजूंनी पाहायचं, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

पण शाळांनी उचललं ते दुसरंच. १९४१ मध्ये मुंबईत बाटलीबॉय यांचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघालं, १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचं कार्यालय थाटलं. मुलाला काय होतंय यापेक्षा मुलगा पुढे काय होणार, हा प्रश्न पालकांना आणि सरकारला जास्त जवळचा होता. माध्यमिक शिक्षणासाठीच्या १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही बहुउद्देशीय शाळांच्या संदर्भात मार्गदर्शनाचा आग्रह धरला आणि त्यातून ‘करिअर मास्तर’ आला. हा वेगळा माणूस नव्हे. असलेल्याच एका शिक्षकाला थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि तास सांभाळून हेही पाहा म्हणायचं. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उभं राहिलं, राज्यांनाही अशी कार्यालयं काढायला केंद्राकडून मदत मिळू लागली. ही मदत पंचवार्षिक योजनेतली. योजना संपली की खर्च राज्याच्या अंगावर, आणि राज्याच्या यादीत शिक्षकांचे पगार, इमारती, नव्या शाळा हे सगळं त्याच्या आधी.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन म्हणजे केवळ व्यवसायनिवड नव्हे, ते प्राथमिक शाळेपासून सुरू व्हावं, असं स्पष्ट म्हटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयोगाने पैशाचा विचार केला. प्रत्येक माध्यमिक शाळेला समुपदेशक परवडणार नाही हे ओळखून दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक नेमावा आणि साधी कामं त्या-त्या शाळेतल्या शिक्षकांनी करावीत, अशी किमान योजना आयोगाने सुचवली. माझ्या मते आजवरच्या सगळ्या शिफारशींत हीच सर्वांत व्यवहारी होती. ती राज्यभर अंमलात आली असती, तर पुढचं बरंचसं लिहावं लागलं नसतं.

सरकारने सोडलेली जागा महाराष्ट्रात संस्थांनी आपापल्या परीने भरली. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. आप्पा मूळचे मानसशास्त्राचे. बुद्धिमत्ता कसोट्या मराठी घरांत परिचयाच्या झाल्या, त्यात प्रबोधिनीचा वाटा मोठा. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि मनाच्या प्रश्नांवर मराठीत, सभागृह भरवून, मोकळेपणाने बोलता येतं हे दाखवून दिलं. पण संस्था कितीही चांगली असली तरी ती शहराजवळ असते. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला ठाणे लांबच पडतं.

शासनाची पावलं बहुतेक वेळा परीक्षेभोवती पडली. सीबीएसईने १९९८ पासून परीक्षेच्या काळात दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केलं. आपलं राज्य मंडळही दहावी-बारावीच्या आधी समुपदेशकांचे मोबाइल नंबर प्रसिद्ध करतं. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, म्हणजे पुन्हा गाडी व्यवसाय मार्गदर्शनावर. जानेवारी २०१० मध्ये मुंबई आणि परिसरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या, तेव्हा शाळाशाळांत समुपदेशक हवेत अशी मागणी जोरात झाली. मार्च सरला तसा विषयही सरला. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक. या सगळ्यांचं कारण परीक्षाच असेल असं नाही. घर, प्रेम, आजार, पैसा हेही त्यात असतं. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चपुरता फोन पुरत नाही.

शिक्षण हक्क कायदा (२००९) या बाबतीत चमत्कारिक आहे. कलम १७ मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. कलम २९ सांगतं, मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला की कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक लागतात. समुपदेशक नाही. भीती घालवायचं काम कोणाचं, हे अनुसूची सांगत नाही. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी-सावित्री समितीच्या मार्च २०२२ च्या शासन निर्णयातही असाच प्रकार: समितीच्या सदस्यांत समुपदेशक आहे, शाळेत मात्र नाही.

खासगी शाळांचा रस्ता वेगळा आणि सोपा. सीबीएसईने २०१८ च्या संलग्नता नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना पूर्णवेळ समुपदेशक सक्तीचा केला. नववी ते बारावीत तीनशेपेक्षा कमी मुलं असतील तर त्या नियमांनुसार अर्धवेळ चालत असे. खर्च निघतो फीमधून. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो, तिथे समुपदेशकाचा पगारही इतर खर्चांत बसून जातो. म्हणजे ज्या पालकाला बाहेर मानसोपचारतज्ज्ञाची फी परवडते, त्याच्याच मुलाला शाळेतही समुपदेशक मिळतो.

सरकारी शाळांसाठी पैसा आला तो बहुधा आरोग्य खात्याच्या दारातून. १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पुढे शाळांसाठी जीवनकौशल्यं आणि समुपदेशन हा भाग जोडला गेला. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत दिसणारी ‘मैत्री’ क्लिनिक त्याच वाटेवरची. तिथे समुपदेशक असतो, पण मुलाने उठून रुग्णालयात जायचं असतं, आणि गावात कोणी पाहिलं तर काय, हा प्रश्न असतोच. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’, आणि त्यांनी शिकवायच्या अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्य हा एक. करिअर मास्तरच नव्या नावाने परत आला, एवढंच.

शिक्षकाकडून हे होतं का, याचं उत्तर बिहारमधून मिळालं आहे. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. तो राबवणारी ‘संगाथ’ ही संस्था गोव्यातली, १९९६ पासून काम करणारी. काही शाळांत शिक्षकाकडे काम दिलं, काहींत खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीकडे. ही व्यक्ती मानसशास्त्राची पदवीधर असण्याची गरज नव्हती. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. वेगळी व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत तसा फरक पडला नाही. यात शिक्षकांना बोल लावण्यासारखं काही नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं करून उरलेल्या वेळात कोणाचं दुःख ऐकून घ्यायचं, आणि त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी गुणही द्यायचे, हे जमणं कठीणच.

करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राने विद्यार्थ्यांना मानसिक आधार देणारं ‘मनोदर्पण’ सुरू केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची चोवीस तासांची लाइन आली. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. फोनलाइन उपयोगाची आहे, रात्री दोन वाजता तीच हाताशी असते. पण शाळेत कोण गप्प झालंय, कोण डबा उघडत नाही, हे फोनला दिसत नाही.

काही राज्यांनी पैशाची वाट शोधली. दिल्लीच्या शिक्षण संचालनालयात समुपदेशकांची नियमित पदंच आहेत. केरळमध्ये हजाराच्या आसपास शाळांत समुपदेशक आहेत, पण त्यांचं मानधन महिला व बालविकास खातं देतं. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत सरकारी आणि अनुदानित माध्यमिक शाळांना समुपदेशक मिळतात, एकाकडे एकाहून जास्त शाळा. म्हणजे कोठारींची कल्पना शेजारी चालते आहे. गोवा छोटं राज्य आहे हे खरं, पण मुद्दा आकाराचा नसून खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात टाकायचा, हे एकदा ठरवण्याचा आहे.

आपल्याकडे ते ठरलं नाही तर काय होतं, याचा हिशेब करून पाहा. १२० पटाच्या जिल्हा परिषद शाळेला न्यायालयाचा नियम लागू होतो. समग्र शिक्षातून तिला वर्षाला ५०,००० रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातला दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी राखून ठेवावा लागतो. उरलेल्या ४५,००० मध्ये वीज बिल, खडू, डागडुजी, शैक्षणिक साहित्य. शाळेने वर्षभर दिवा लावला नाही आणि खडूही आणला नाही, तरी महिन्याला ३,७५० रुपये हातात येतात. तेवढ्या पैशात समुपदेशक आठवड्यातून एकदा येईल, आणि तोही जवळच्याच गावात राहत असला तर.

दहा शाळांमागे एक माणूस ही चौकट महाराष्ट्राला अनोळखी नाही. प्राथमिक शाळांची केंद्रं, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालचे शाळांचे गट, साधारण त्याच मापाने आखलेली आहेत. समुपदेशकाचं पद तिथे द्यायचं, तर पगार शालेय शिक्षण खात्याने द्यायचा की आरोग्य खात्याने, हा वाद आधी मिटवावा लागेल. आणि त्याच केंद्रांवर केंद्रप्रमुखांची जी ४,८६० पदं मंजूर आहेत, त्यांतली कित्येक वर्षानुवर्षं रिकामी राहिली, हेही वित्त विभागाकडे फाइल नेणाऱ्याला ठाऊक असेलच.