फवारणीचा रुग्ण आणि रुग्णवाहिकेतली तपासणी : पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनच्या मिश्रणात कधी तिसरं औषधही ओतलं गेलं. उंच झाडावर मारलेला बारीक तुषार वरून तोंडावर, मानेवर, छातीवर पडत होता. विदर्भात रुग्णवाहिकेतल्या तपासणीवर बोलायचं तर हाच हंगाम डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा तपासणीचा शिकवला जाणारा क्रम वेगळ्या गरजेतून आला. अमेरिकेत १९६६ साली अपघाती मृत्यूंवर एक अहवाल निघाला आणि त्यानंतर तिथे रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञांचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आपल्याकडे १०८ ची सेवा २००५ मध्ये आंध्रात आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. इतर राज्यांत गाडीत प्रामुख्याने तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने डॉक्टर बसवला. त्यामुळे औषध सुरू करण्याचा निर्णय इथे गाडीतच होऊ शकतो. वणी-मारेगावकडून यवतमाळ गाठायला दीड-दोन तास जातात, तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

क्रम तोच राहिला, पण फवारणीच्या रुग्णात त्याच्या जोडीने कपडे काढण्याचं काम आलं. भिजलेला सदरा अंगावर असेपर्यंत विष कातडीतून आत जातच राहतं. सदरा डोक्यावरून ओढायचा नाही, कात्रीने समोरून कापायचा, म्हणजे तोंडाला लागत नाही. मग साबण-पाणी : केस, कानामागे, काख, जांघ, नखं. हातात नायट्राइलचे हातमोजे, शक्यतो दोन जोड. पातळ लेटेक्समधून विष झिरपतं. गाडीच्या खिडक्या उघड्या. श्वास घरघरत असेल तर मात्र आधी कुशीवर वळवून सक्शन (तोंडातला स्राव ओढून काढणं), धुणं त्यानंतर. फवारणीच्या औषधाच्या डब्याच्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्यावा. गळका डबा गाडीत घेऊ नये.

खरा वाद आहे तो अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं उताऱ्याचं औषध, कोणत्या खुणेवर सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, याचा. वर्षानुवर्षं सगळा भर डोळ्याच्या बाहुलीवर होता. बॅटरी मारली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली की सुरू करा. बाहुली मोठी झाली, नाडी १२० वर गेली की भागलं. शिकवायला हे सोपं, म्हणून ते टिकलं. पण बाहुली अनेक प्रकारे फसवते. तुषार एका डोळ्यात उडाला तर तेवढीच बाहुली आकसते, बाकी शरीरात विष फारसं नसतं. उलट गंभीर रुग्णातही बाहुली कधी नेहमीसारखी, कधी मोठी असते, कारण हे विष स्नायूंकडच्या आणि सिम्पॅथेटिक (नाडी वाढवणाऱ्या, बाहुली मोठी करणाऱ्या) मज्जातंतूंनाही चेतवतं. त्याच कारणाने नाडीही सुरुवातीला जलद असू शकते. नाडी जलद आहे म्हणून अॅट्रोपिन रोखून धरणं ही यातली सगळ्यात महाग चूक. असा रुग्ण आपल्याच फुफ्फुसातल्या पाण्यात बुडतो.

आता जे ध्येय मानलं जातं ते छातीचं आहे : दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोपने बुडबुड्यांचा आवाज थांबला, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काख कोरडी. बाहुली मागाहून येते, तिची वाट पाहायची नाही. डोसही बदलला. ०.६ मिलिग्रॅमच्या तीन अँप्युल्स, म्हणजे १.८ मिलिग्रॅम, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, फरक नसेल तर दुप्पट. तीन, सहा, बारा, चोवीस असं गेलं तर पंधराव्या मिनिटाला ४५ अँप्युल्स संपलेल्या असतात. बांगलादेशातल्या २०१२ च्या अभ्यासात ठरावीक डोस देण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीत मृत्यू स्पष्टपणे कमी दिसले. गाडीत तेवढा साठा नसेल तर वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात थांबून तो घ्यावा. रिकाम्या पेटीने पुढे जाण्यात शहाणपण नाही. ऑक्सिजन लावल्याशिवाय अॅट्रोपिन देऊ नये, हा जुना दंडकही पुराव्यावर टिकलेला नाही. ऑक्सिजन द्यावाच, पण सिलिंडर नाही म्हणून सुई थांबवू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपिन दिलेलं असेल तर किती मिलिग्रॅम, किती वाजता, हे रेफर चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय रुग्ण हलवू नये. त्यानंतरची बाहुली, नाडी, कोरडं तोंड यांचा अर्थ त्या आकड्यावाचून लागत नाही. बडबड, अंथरूण चाचपणं, अंग तापणं आणि पोटाचे आवाज बंद होणं ही अॅट्रोपिन जास्त झाल्याची खूण.

ऑक्टोबर हीटमध्ये आणखी एक घोटाळा होतो. वावरात कोसळलेला माणूस उष्माघाताचा की फवारणीचा? दोघेही घामाने थबथबलेले असू शकतात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि भान हरपलेलं असेल तर उष्माघाताकडे झुकावं. लाळ, जुलाब, ओली छाती, पोटऱ्यांतल्या स्नायूंची फडफड फवारणीकडे बोट दाखवते. अॅट्रोपिन घाम बंद करतं, म्हणून चुकीच्या रुग्णात ते ताप आणखी चढवेल. थर्मामीटर लावणं आणि रक्तातली साखर तपासणं, दोन्हीला मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवताना वेगळी तपासणी लागते. श्रीलंकेतून १९८७ मध्ये वर्णन झालेली ही अवस्था : लाळ-घाम थांबलेले, रुग्ण बोलतो, नातेवाईक निर्धास्त, आणि श्वासाचे स्नायू हळूहळू सुटत जातात. उशीवरून मान उचलायला सांगावं. उचलता येत नसेल तर ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९८ टक्के दिसत असला तरी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी घेऊन आणि श्वासनळीत नळी घालू शकणारा माणूस सोबत घेऊनच निघावं.