रक्ताची पिशवी कोठे ठेवावी?

गावोगावी शस्त्रक्रियागृह आणि रक्तपेढी असलेले रुग्णालय हवे, ही मागणी दर निवडणुकीत होते आणि तिच्यामागची कळकळ खरी असते. मात्र मोठी सोय अगदी दारात आली की जीव वाचतीलच, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. आरोग्यसेवेची उतरंड कशी रचावी हे निधीइतकेच गणितावरही ठरते, आणि ते गणित प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

आपल्याकडील निकषांनुसार सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येमागे उपकेंद्र, 30,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण 1,20,000 मागे ग्रामीण रुग्णालय असावे लागते. डोंगराळ व आदिवासी भागांत हे आकडे कमी असतात. हजार लोकांमागे वर्षाला 16 जन्म होतात आणि शंभर बाळंतिणींपैकी एकीला रक्त चढवावे लागते, असे समजू. मग उपकेंद्राच्या हद्दीत अशी वेळ वर्षातून जेमतेम एकदा येईल, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत पाचेक वेळा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या हद्दीत सुमारे 19 वेळा.

नेहमीच्या पद्धतीने साठवलेले रक्त 2 ते 6 अंश सेल्सियस तापमानात 35 दिवस टिकते. ग्रामीण रुग्णालयाला तेवढ्या मुदतीत सरासरी दोन रुग्णांसाठी रक्त लागेल. परंतु एकमेकींशी संबंध नसलेल्या विरळ घटनांची संख्या सरासरीच्या आसपास हेलकावे खाते आणि त्या हेलकाव्यांचा आवाका साधारणपणे सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. सरासरी दोन असेल, तर आवाका सुमारे 1.4, म्हणजे एखाद्या खेपेस एकही रुग्ण नाही आणि एखाद्या खेपेस चार. चोवीस लाखांच्या जिल्ह्यात मात्र सरासरी 36 च्या घरात जाते आणि आवाका फक्त सहा राहतो. पहिल्या ठिकाणी अंदाज सत्तर टक्क्यांनी चुकू शकतो, दुसऱ्या ठिकाणी सतरा टक्क्यांनी. त्यात रक्तगट आठ, आणि आरएच निगेटिव्ह व्यक्ती आपल्याकडे वीसांत एखादीच. म्हणून गटागटाने मोजू लागलो, की छोट्या रुग्णालयाचा अंदाज पार कोलमडतो. थोडा साठा ठेवावा तर ऐन वेळी हवा तो गट सापडत नाही, भरपूर ठेवावा तर पिशव्या मुदत संपून वाया जातात.

यावरचा उपाय म्हणजे ग्रामीण रुग्णालयात केवळ रक्त साठवणूक केंद्र (जेथे रक्त गोळा न करता फक्त साठवतात) ठेवून ते मोठ्या रक्तपेढीशी जोडणे. न वापरलेल्या पिशव्या मुदत संपण्यापूर्वी मूळ रक्तपेढीकडे पाठवायच्या आणि ताज्या आणायच्या, असे अपेक्षित असते. तिकडे मागणी मोठी असल्याने त्या वापरल्या जाण्याची शक्यता अधिक असते.

सर्पदंशावरील प्रतिविषाची गोष्ट निराळी. ते वाळवलेल्या भुकटीच्या रूपात दीर्घकाळ टिकते आणि उशीर झाल्यास त्याचा उपयोग झपाट्याने घटतो, म्हणून त्याची जागा प्राथमिक आरोग्य केंद्रातच. (मांत्रिकाकडे नेलेला रुग्ण पुष्कळदा बरा होतो, कारण बरेचसे दंश बिनविषारी सापांचे असतात किंवा विषारी सापानेही दर वेळी विष सोडलेले नसते. विष खरोखर अंगात भिनलेल्या रुग्णाचा मात्र तेथे मोलाचा वेळ जातो.) विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यावर तो उपचारही खालच्या पायरीवर आणता आला.

पायऱ्या अशा ठरल्या, तरी रुग्ण हातचा जातो तो बहुधा दोन पायऱ्यांच्या सांध्यावर. महाराष्ट्रात उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तीव्र रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो आणि तेवढ्या वेळात एका बाळंतिणीला कधीकधी तिन्ही आस्थापना ओलांडाव्या लागतात. तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन आणि रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिल्याची वेळ संदर्भ चिठ्ठीवर (पुढच्या रुग्णालयात पाठवताना सोबत दिलेल्या कागदावर) लिहिलेली असेल आणि गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन गेला असेल, तर ती पोहोचेपर्यंत रक्ताची पिशवी तयार असते. सेवांचे एकत्रीकरण म्हणतात ते मला प्रथम येथे हवे आहे. नव्या इमारतीचे उद्घाटन त्यानंतर व्हावे.

हाच कागद उलट्या दिशेनेही जावा लागतो. रुग्णालयातून सुटी मिळाल्याची आणि रक्त चढवल्याची नोंद उपकेंद्रातील आरोग्यसेविकेपर्यंत पोहोचली नाही, तर त्या बाईला लोहाच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या आणि तिचे हिमोग्लोबिन पुन्हा केव्हा तपासायचे, हे गावात कोणालाच ठाऊक नसते.