परदेशी भागीदाराला शेअर देताना : नाशिकच्या कंपन्यांसाठी एफसी-जीपीआर अर्जाची माहिती

अंबड किंवा सातपूरमधील एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आपल्या परदेशी ग्राहकाला भागधारक करून घेते, तेव्हा पुष्कळदा रक्कम आधी खात्यात येते आणि कागदपत्रांची आठवण नंतर होते. हा क्रम उलटा हवा, कारण शेअरवाटपाची मुदत रक्कम जमा झाल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते. परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची माहिती रिझर्व्ह बँकेला कळवण्याचा अर्ज म्हणजे एफसी-जीपीआर.

उत्पादन क्षेत्रात, कंत्राटी उत्पादन धरून, सर्वसाधारणपणे 100 टक्के परकीय गुंतवणूक पूर्वपरवानगीशिवाय घेता येते. मात्र गुंतवणूकदार भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातील असेल, तर केंद्र सरकारच्या 2020 च्या प्रेस नोट 3 नुसार सरकारी मंजुरी लागते का, हे आधी तपासावे. दिंडोरीकडील वाइनरीमध्ये परदेशी भांडवल आले म्हणून कंपनीला शेतजमीन घेण्याचा हक्क मिळत नाही. तो प्रश्न राज्याच्या कूळ कायद्याचा आहे. इक्विटी शेअर अथवा इक्विटीत सक्तीने परिवर्तनीय होणारे प्रेफरन्स शेअर आणि डिबेंचर (कर्जरोखे) येथे चालतात. परिवर्तन ऐच्छिक असेल तर ती रक्कम कर्ज मानली जाते.

सर्वाधिक गोंधळ मूल्यांकनात होतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या (फेमा) नियमांसाठी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र चालते, पण कंपनी कायद्याखालील खासगी वाटपासाठी (निवडक व्यक्तींनाच शेअर देण्यासाठी) नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हवा असतो, आणि शेअरची किंमत फेमाखालील वाजवी मूल्यापेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन अहवालांत दोन आकडे आले की बँकेचे प्रश्न सुरू होतात, म्हणून दोन्ही पात्रता असलेल्या एकाच व्यक्तीकडे हे काम सोपवणे मला शहाणपणाचे वाटते.

रक्कम मिळाल्यापासून 60 दिवसांत शेअरवाटप व्हावे लागते, अन्यथा पुढील 15 दिवसांत ती परत करावी लागते. वाटपानंतर 15 दिवसांत पास-3 हा वाटपाची माहिती देणारा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावा; तो भरेपर्यंत या पैशातून यंत्रासाठी आगाऊ रक्कमसुद्धा देता येत नाही.

वाटपापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर भरायचा असतो. त्याआधी पोर्टलवर एंटिटी मास्टर (कंपनीची नोंद) आणि बिझनेस युजर (अर्ज भरणाऱ्याची नोंद) या दोन्ही नोंदण्या झालेल्या असाव्यात. अर्जासोबत परकीय रक्कम मिळाल्याचे बँकेचे प्रमाणपत्र, पैसे पाठवणाऱ्या बँकेने दिलेला गुंतवणूकदाराचा केवायसी अहवाल, संचालक मंडळाचा ठराव, मूल्यांकन आणि कंपनी सचिवाचे प्रमाणपत्र जोडावे. केवायसी अहवाल परदेशातून यायचा असल्याने त्याची मागणी रक्कम निघतानाच करावी.

एफसी-जीपीआर भरायला उशीर झाल्यास 7500 रुपये आणि त्यावर गुंतवणुकीच्या रकमेच्या 0.025 टक्के प्रतिवर्ष इतके शुल्क पडते, म्हणजे 1 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीवर वर्षभराच्या विलंबाला 10,000 रुपये.

अनिवासी भारतीय नातेवाइकाने रक्कम परदेशी परत न नेण्याच्या अटीवर गुंतवली, तर ती देशांतर्गत गुंतवणूक मानली जाते आणि एफसी-जीपीआर लागत नाही. इतर परकीय गुंतवणूक मात्र ताळेबंदात असेपर्यंत दरवर्षी 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए (परकीय देणी व मालमत्ता) विवरणपत्र द्यावे लागते, त्या वर्षी नवे पैसे आले नसले तरीही.